मांजर असलेल्या घरात धान्य आणि पुस्तके कशी जपावीत

मराठवाड्यातील पुष्कळ घरांत फाल्गुन-चैत्रात वर्षाची ज्वारी भरून ठेवण्याची पद्धत अजून टिकून आहे. त्याच घरात पुस्तकांचे एखादे कपाट असते, दिवाळी अंकांचे गठ्ठे असतात आणि उंदरांच्या निमित्ताने आलेले व पुढे घरचेच होऊन बसलेले एखादे मांजरही असते. या तिघांचे एकमेकांशी वैर नाही. अडचण उभी राहते ती कीड आवरण्याच्या उपायांमुळे, कारण ज्वारीला सोंडे आणि पुस्तकांना कसर लागू नये म्हणून दुकानातून ज्या गोळ्या, पुड्या आणि फवारे आपण आणतो, त्यांतील कित्येक मांजराच्या जिवावर बेततात. म्हणून येथे सांगितलेल्या रीतीत बहुतेक काम ऊन, वारा, कोरडेपणा आणि घट्ट झाकण यांच्याकडून करून घेतलेले आहे. आपल्या कोरड्या मुलखात ही रीत विशेष सोयीची आहे, कारण जून ते सप्टेंबर हे महिने वगळले तर हवा बहुतेक वेळा आपल्याच बाजूने असते.

आधी घराबाहेर काय काढावे

मांजर दिवसातून अनेक वेळा स्वतःचे अंग चाटते. फरशीवर जे सांडते ते त्याच्या पंजांना लागते आणि पंजांवरून पोटात जाते. शिवाय फिनॉलसारखे काही पदार्थ निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकण्याची जी क्षमता माणसाच्या किंवा कुत्र्याच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढची यादी पाठ करावी लागत नाही.

कपाटात टाकण्याच्या डांबर गोळ्या, म्हणजे नॅप्थालीन, मांजर असलेल्या घरात मुळीच ठेवू नयेत. गोळी पोटात गेली तर रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि यकृतालाही इजा होते. घरंगळणारी पांढरी गोळी हे मांजराच्या दृष्टीने उत्तम खेळणे असल्यामुळे धोका दुप्पट होतो. देवघरातील कापूरही झाकणाच्या डबीतच असावा. फरशी पुसण्याचे फिनेल, विशेषतः पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होणारे काळे फिनेल, बंद करावे. साध्या साबणाच्या पाण्याने फरशी तितकीच स्वच्छ होते. मुंग्या-झुरळांसाठी ओढण्याचा खडू आणि बरेचसे घरगुती फवारे पायरेथ्रॉइड गटातील औषधांपासून बनतात. याच गटातील परमेथ्रिन कुत्र्यांच्या गोचिडांच्या औषधात असते आणि ते मांजराला लावले तर झटके येऊन ते दगावू शकते. म्हणून कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये.

उंदरांच्या औषधाबाबत तडजोड नको. झिंक फॉस्फाइड आणि ब्रोमॅडिओलोन ही दोन्ही मांजराने थेट खाल्ली तर घातक आहेतच, पण औषध खाऊन सुस्त झालेला उंदीर मांजराने खाल्ला तरी विष त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. ज्या घरात मांजर पाळले आहे, तेथे उंदरांसाठी पिंजरा वापरावा आणि भिंतीतील भोके सिमेंटने बुजवावीत. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून उंदराचे पिल्लू आत येऊ शकते, तेव्हा मोरीची जाळी आणि नळाच्या कडेच्या फटीही पाहून घ्याव्यात. धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांविषयी तर अधिकच स्पष्ट बोलले पाहिजे. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू बाहेर पडतो आणि तो मांजराइतकाच घरात झोपलेल्या माणसांनाही मारतो. गोदामासाठी असलेली ही वस्तू राहत्या घरात कोणी आणून दिली तरी घेऊ नये.

ज्वारी आणि गहू

धान्य टिकते की किडते याचा निकाल कोठी भरण्यापूर्वीच लागलेला असतो. दाण्यातील ओलावा दहा ते बारा टक्क्यांपर्यंत उतरला की सोंड्यांची वाढ मंदावते आणि बुरशी धरत नाही. घरात मोजण्याचे यंत्र नसले तरी जुनी परीक्षा पुरेशी आहे: दाणा दाताखाली धरल्यावर कट् असा आवाज होऊन तो तुटला पाहिजे, दबला किंवा चिंबला तर अजून ऊन द्यावे. गच्चीवर ताडपत्री किंवा जाड चादर अंथरून बोटभर जाडीचा थर पसरावा आणि तासा-दीड तासाने हात फिरवून खालचा दाणा वर आणावा. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा दोन-तीन दिवसांची वाळवणी पुरते.

संध्याकाळी धान्य गोळा केल्यावर ते लगेच कोठीत ओतण्याची घाई करू नये. गरम दाणा बंद कोठीत गेला की रात्री पत्रा गार होताना आतल्या बाजूला दव धरते आणि वरच्या थरातील ज्वारीला त्याच ठिकाणी आधी वास येऊ लागतो. घरात पसरून ते निववावे, सुपाने पाखडून फोलकट आणि फुटके दाणे काढावेत, आणि मग भरावे. फुटका दाणा वेगळा काढण्याचे कारण असे की पिठावर वाढणारे तांबूस भुंगेरे अखंड दाण्यापेक्षा अशा चुऱ्यावरच आधी जमतात.

कोठी रिकामी झाल्यावर तिच्या सांध्यांत आणि तळाच्या कडेला मागील वर्षाचे किडे दडलेले असतात. ती कोरड्या फडक्याने पुसून, झाकण उघडे ठेवून एक-दोन दिवस कडक उन्हात ठेवावी. जुनी ज्वारी शिल्लक असेल तर ती नव्यात कधीही मिसळू नये. आधी तीच दळावी. कोठी थेट शहाबादी फरशीवर न ठेवता विटा किंवा लाकडी फळ्यांवर ठेवावी आणि भिंतीपासून वीतभर दूर सरकवावी, म्हणजे पावसाळ्यात भिंतीचा ओलावा तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि मागच्या बाजूला मांजरालाही फिरता येते. उंदरांची खरी राखण तेथेच होते.

कोठी काठोकाठ भरावी. रिकामी जागा जितकी कमी, तितकी आत हवा कमी. आणि झाकण खरोखर घट्ट असेल तर आत राहिलेले थोडे किडे तेथील प्राणवायू संपवून स्वतःच मरतात. याच कारणाने घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे पिंप हे उघड्या पोत्यापेक्षा कितीतरी चांगले. हवाबंद पिशव्याही मिळतात, पण मांजराला पोत्यावर नखे घासण्याची सवय असते आणि एका ओरखड्याने पिशवी निकामी होते. ती वापरायची असेल तर पिंपात घालून वापरावी. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर तो सावलीत पूर्ण वाळवून, पातळ कापडात बांधूनच घालावा. ओलसर पाला स्वतःच ओलावा सोडतो आणि मग त्याचा उपद्रवच अधिक होतो. गव्हाला एरंडेल तेलाचा हात लावण्याची रीत चांगली आहे. बोरिक पावडर मात्र मी सुचवणार नाही, कारण ज्वारी बहुतेक घरांत न धुताच गिरणीत जाते आणि तिला चोळलेली पावडर भाकरीतून थेट पोटात येते.

तूर आणि इतर कडधान्ये

तुरीचे दुखणे निराळे आहे, कारण तिची कीड पुष्कळदा शेतातूनच सोबत येते. भुंग्याची मादी शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी चिकटवते. मूठभर तूर उजेडात हातावर घेऊन पाहिली तर सालीवर मोहरीपेक्षाही लहान, पांढरे, चकचकीत ठिपके दिसतात. नखाने खरवडले तर सहज निघत नाहीत. तीच अंडी. त्यांतून निघालेली अळी ठिपक्याखालूनच सरळ दाण्यात शिरते, म्हणून बाहेरून भोक दिसत नाही. दाण्याला स्वच्छ गोल भोक दिसते तेव्हा आतला भुंगा मोठा होऊन निघूनही गेलेला असतो. उबदार हवेत हा सारा प्रवास महिनाभरात पुरा होतो, आणि म्हणूनच ‘मागच्या महिन्यात तर तूर स्वच्छ होती’ या समाधानाला अर्थ नसतो. महिन्यातून एकदा डब्याच्या मधल्या थरातील मूठभर दाणे काढून पाहावेत.

उपाय दोन आहेत. खाण्यासाठीची तूर असेल तर पातळ थर देऊन, वरून पारदर्शक प्लास्टिक अंथरून, त्याच्या कडा विटांनी दाबून भर दुपारी गच्चीवर तापवावी. प्लास्टिकखालचे तापमान ५५ अंशांच्या वर जाऊन तासभर टिकले तर दाण्यातील अंडी आणि अळ्या मरतात. पेरणीचे बियाणे मात्र असे तापवू नये. दुसरा उपाय म्हणजे तूर लवकर भरडून डाळ करून ठेवणे, कारण हा भुंगा अखंड दाण्यावर जितका वाढतो तितका डाळीवर वाढत नाही. डाळ ठेवताना किलोला एक चहाचा चमचा खाद्यतेल चोळले तर ती आणखी टिकते. मूग, हरभरा, चवळी यांनाही हेच लागू आहे. त्यांत चवळी सर्वांत आधी किडते, तेव्हा ती थोडीच आणावी.

पीठ साठवू नये, एवढेच पिठाविषयी सांगणे पुरे. ज्वारीचे आठ दिवसांचे आणि बाजरीचे त्याहून कमी दळण आणावे. बाजरीच्या पिठातील स्निग्धांश लवकर बिघडून ते कडू होते.

गच्चीवरील वाळवण आणि मांजर

ज्याने ज्वारी वाळत घातली आहे आणि ज्याच्या घरी मांजर आहे, त्याला ही तक्रार नवी नाही. मांजर आधी थराच्या कडेला बसते, एक पंजा दाण्यांत घालून पाहते, मग दोन्ही पंजांनी लहानसा खळगा उकरते, पाठ फिरवते, आणि आपण ओरडत जिना चढून जाईपर्यंत ते काम आटोपून खळगा नीट बुजवूनही टाकते. त्याला दोष देता येत नाही. मोकळे, कोरडे, उकरता येणारे असे जे काही दिसेल ते त्याच्या लेखी शौचाची जागाच असते.

यावर मारणे किंवा पाणी फेकणे उपयोगाचे नाही. थरावर जुनी मच्छरदाणी किंवा विरळ विणीची साडी ताणून चारही कडा विटांखाली दाबाव्यात; ऊन-वारा जातो आणि पंजा रुतत नाही. चिमण्या-कबुतरांपासूनही धान्य वाचते. त्याच वेळी मांजराला स्वतःची पसरट पेटी द्यावी, तिच्यात चार बोटे वाळू किंवा लाकडाचा भुसा घालावा आणि ती खाण्याच्या जागेपासून लांब, शांत कोपऱ्यात ठेवावी. आपल्याकडची काळी माती पेटीत घालू नये, कारण ती ओली झाली की पंजांना चिकटून घरभर पसरते. एकापेक्षा अधिक मांजरे असतील तर मांजरांच्या संख्येपेक्षा एक पेटी जास्त असावी. घाण दररोज काढावी. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी येऊ शकतो, परंतु तो बाहेर पडल्यापासून संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस घेतो, म्हणून रोजची सफाई हाच त्यावरचा मुख्य बंदोबस्त आहे. हे काम घरातील गरोदर बाईकडे देऊ नये. धान्यात घाण झालीच असेल तर आजूबाजूचे दोन-तीन ओंजळी दाणे तरी सढळपणे काढून टाकावेत.

पुस्तके

धान्याला ऊन आणि पुस्तकाला सावलीतला वारा, असा हा भेद आहे. वाळवणाच्या दिवसांत पुस्तकेही गच्चीवर नेऊन उन्हात उघडी ठेवण्याची चूक अनेक चांगले वाचक करतात. वर्तमानपत्री कागदात लिग्निन भरपूर असते आणि ऊन लागताच तो पिवळा पडून ठिसूळ होतो. पुठ्ठे वाकतात, डिंक तडकतो. दिवाळी अंकांची अवस्था तर एका उन्हाळ्यात पाहवत नाही. पुस्तके ओसरीवर किंवा पंख्याखाली उभी ठेवून पाने मोकळी करावीत आणि कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी.

पुस्तकांचा पहिला शत्रू पावसाळा, असे समजले जाते. माझ्या मते आपल्या भागात हा उपद्रव त्याआधीच, एप्रिलमध्ये कूलर लावल्यापासून सुरू होतो. कूलर ओल्या गवतातून हवा ओढून खोलीत सोडतो. समोरची खिडकी उघडी नसेल तर काही तासांत खोलीतील हवा इतकी दमट होते की वर्तमानपत्र हातात लुळे पडते. बाहेर रखरखीत कोरडे असताना कपाटात मात्र आषाढ असतो, आणि कसरीला तेच हवे असते. तेव्हा पुस्तकांचे कपाट कूलरच्या झोतात कधीही ठेवू नये. शक्य असेल तर कूलरच्या खोलीतच ठेवू नये. ते हलवणे शक्य नसेल तर समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवावे आणि सकाळी कूलर बंद केल्यावर तासभर नुसता पंखा चालवावा. आर्द्रता दाखवणारे लहान घड्याळ कपाटात ठेवले तर अंदाजावर राहावे लागत नाही. आकडा साठ टक्क्यांच्या खाली असला की बुरशी आणि कसर या दोन्हींचे फारसे चालत नाही.

कसर ओळखावी ती तिच्या खाण्यावरून. ती कागद कुरतडत सरळ आत जात नाही; वरवरचा थर खरवडून खाते, आणि जेथे खळ किंवा पिठाची लई लावलेली असते तेथे आधी पोहोचते. पुठ्ठ्याच्या कण्यावर चिकटवलेल्या कागदी पट्टीच्या कडा वेड्यावाकड्या झिजल्या असतील, अक्षरे मधूनच पुसट झाली असतील आणि कपाट उघडताच चंदेरी, शेपटीकडे निमुळता होत जाणारा किडा फटीत पळाला असेल, तर शंका नको. तिच्यासाठी काचेच्या लहान बरणीत चिमूटभर कणीक घालून, बरणीला बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळून ती कपाटाच्या आत ठेवावी. पट्टीवरून कसर चढते आणि आत पडल्यावर गुळगुळीत काचेवरून तिला वर येता येत नाही. बरणी कपाटाच्या बंद दारामागेच हवी, बाहेर ठेवल्यास मांजर ती पहिल्या रात्रीच पाडते.

पुस्तके फळीवर ठासून भरू नयेत. मागे दोन बोटे जागा सोडावी. प्लास्टिकची वेष्टणे ओलावा आत कोंडतात, त्याऐवजी साधा तपकिरी कागद लावावा. घरातील पोथ्या सुती बासनात गुंडाळून ठेवण्याची जुनी चाल योग्यच आहे, कारण कापडातून हवा जाते आणि धूळ जात नाही. एखाद्या मौल्यवान पुस्तकात कीड शिरलीच असेल तर ते प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधावे आणि उणे १८ अंशांपर्यंत जाणाऱ्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नये, अन्यथा गार कागदावर दव धरते. वीज वारंवार जात असेल तर या उपायावर विसंबू नये.

भिंतीवरून मातीची बारीक नळी वर चढताना दिसली तर ती वाळवी आहे आणि तेथे घरगुती उपाय पुरे पडत नाहीत. सर्व पुस्तके त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत हलवावीत, कपाट भिंतीपासून ओढावे आणि जाणकार माणसाकडून जमिनीत औषध सोडून घ्यावे. औषध पूर्ण वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या घरी ठेवणेच इष्ट.

मांजर स्वतः पुस्तकांचे नुकसान दोन प्रकारे करते. कापडी बांधणीच्या कण्यावर ते नखे घासते. त्यावर सुतळी घट्ट गुंडाळलेला कमरेएवढा लाकडी खांब कपाटाशेजारीच उभा करावा, म्हणजे सवय तिकडे वळते. खांब हलता असेल तर मांजर त्याच्याकडे पाठ फिरवते. दुसरे म्हणजे जमिनीवरील कागदांवर मुतणे. पेटी स्वच्छ असूनही ते असे करीत असेल, वारंवार बसत असेल आणि थेंबभरच मूत्र येत असेल, विशेषतः बोक्याच्या बाबतीत, तर तो मूत्रमार्ग अडल्याचा आजार असू शकतो आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे.

मांजराचे जेवण

दूध-भाकरीवर मांजर जगते असे दिसते, पण ते बाहेर शिकार करते म्हणून. टॉरिन नावाचा घटक मांजराला अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो, धान्यात नसतो. तो कमी पडला तर दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. शाकाहारी घरांनी रोजच्या आहारात मांजरांसाठी बनवलेले तयार अन्न ठेवावे. मांसाहारी घरांत उकडलेली कोंबडी किंवा मासळी काटे-हाडे काढून द्यावी, मात्र मसाला घालण्यापूर्वी बाजूला काढलेली. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशी नष्ट करतात, शिजवले तरीही. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा वास येणारी भाकरी कोणत्याच जनावरापुढे टाकू नये. पोटभर जेवलेले मांजर उंदीर धरत नाही, ही समजूत चुकीची आहे.

विषबाधेची शंका आल्यास

तोंडातून लाळ गळणे, अंग थरथरणे, चाल लटपटणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, लघवी गडद तपकिरी होणे, तोंड उघडून धापा टाकणे यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. फिनेल किंवा फवारा अंगावर पडला असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने अंग धुऊन, टॉवेलात गुंडाळून न्यावे. मिठाचे पाणी, तेल किंवा दूध पाजू नये आणि उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नये. मांजराला त्याची एक गोळीही मारू शकते. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आहेत; आपल्याला जवळचा कोणता आणि तो किती वाजेपर्यंत उघडा असतो, हे आजच विचारून फ्रिजवर लिहून ठेवावे. सोबत औषधाचे वेष्टण न्यावे. ब्रोमॅडिओलोन खाल्लेले मांजर पहिले दोन-तीन दिवस अगदी ठीक दिसते आणि रक्तस्राव नंतर सुरू होतो; व्हिटॅमिन के १ वेळेत मिळाले तर ते वाचते, म्हणून शेजारच्या घरी उंदरांचे औषध टाकल्याचे कळले आणि आपल्या मांजराने तेथील उंदीर खाल्ल्याची शंका असली, तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.